विचारमंथन आणि अग्रक्रम : एक चिकित्सा

बारामती व इंदापूर या तालुक्यांत शेतमालापासून नवे उत्पादन काढू पाहणाऱ्या शेतकरी गटांना आणि महिला बचतगटांना कच्च्या मालाची वाण नाही. ऊस, दूध, डाळिंब आणि भिगवणला मिळणारी उजनी जलाशयाची मासळी, सारे हाताशी आहे. भांडवल तेवढे तुटपुंजे. पहिलीच निवड चुकली तर कर्ज मागे उरते. म्हणून निवडीच्या रीतीची चिकित्सा अगत्याची ठरते.

रूढ रीत बैठकीची. तिला आपण ‘विचारमंथन’ म्हणतो. अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात तिचा हिरिरीने पुरस्कार केला. परंतु टेलर, बेरी व ब्लॉक यांनी १९५८ मध्ये येल विद्यापीठातील प्रयोगात असे दाखविले की, चौघे एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना एकेकटे बसलेले चौघे मिळून काढतात. डील व श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये याचे प्रमुख कारण सांगितले : एक बोलत असता इतरांना थांबावे लागते.

भाषाभ्यासकाला हे कारण पुरेसे वाटणार नाही. आपल्या बैठकीत बोलण्याचा क्रम वय, नाते व मान यांवरून ठरतो. ‘अण्णा म्हणतात ते बरोबर’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की पुढील बोलणे त्याचे भाष्य होते; कोपऱ्यातील सुनेची कल्पना मनातच राहते.

डेल्बेक व व्हॅन द व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेली पद्धत यावर उतारा म्हणून सुचविली जाते. प्रथम सर्वांनी मूकपणे लिहावे, मग एकेकाने एकेक कल्पना सांगावी, अर्थ स्पष्ट करून घ्यावा आणि शेवटी प्रत्येकाने स्वतंत्रपणे क्रम लावावा. ही पद्धत निःसंशय सरस आहे. लेखणीचा सराव नसलेल्यांसाठी, पीआरए या नावाने आपल्याकडे परिचित असलेल्या पद्धतीतील चित्रे व बिया तिला जोडता येतात.

तथापि तिच्या पुरस्कर्त्यांचे एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही. मत पडते ते वस्तूवर नव्हे, तिच्या नावावर. समजा, नऊ जणींपैकी तिघींनी ‘अनारदाणा’, दोघींनी ‘वाळवलेले डाळिंबाचे दाणे’ आणि चौघींनी ‘मासळीचे लोणचे’ पसंत केले. गणनेत लोणचे जिंकते. वास्तविक पाचजणींची पसंती डाळिंबाला आहे. उलट ‘फळप्रक्रिया’ असे व्यापक नाव यादीत शिरले तर ते साऱ्यांची मते गिळते, आणि नेमके काय करावयाचे हे अनिर्णीतच राहते.

तेव्हा अर्थस्पष्टीकरणाची पायरी उपचारापुरती उरकू नये. समानार्थी नावे एकत्र करावीत, व्यापक नावे फोडावीत, आणि हे काम कल्पना मांडणाऱ्यांच्या संमतीनेच व्हावे. अन्यथा यादी लिहिणाराच नवा ‘अण्णा’ होऊन बसेल. मतगणना त्यानंतरची.