यंत्राचे नियंत्रण कोणाकडे? : ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’चे वसईतून पुनर्वाचन

प्रस्तावना :
वसई पूर्वेकडील गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यातील औद्योगिक गाळ्यांत संगणक-नियंत्रित लेथ आता नवलाईचा राहिलेला नाही. या बदलाचे मूल्यमापन बहुधा उत्पादकता व अचूकता या दोनच निकषांवर होते. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड नोबल (१९४५-२०१०) यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात तिसरा निकष पुढे आणला : यंत्रावरील नियंत्रण कोणाच्या हाती जाते?

ग्रंथाची भूमिका :
दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्र स्वयंचलित करण्याचे दोन मार्ग समोर होते. पहिल्यात कुशल कारागीर एक नग स्वतः घडवी. त्या वेळच्या यंत्राच्या हालचाली फितीवर नोंदल्या जात आणि पुढील नग यंत्र त्याबरहुकूम घडवी. दुसऱ्यात, म्हणजे संख्यात्मक नियंत्रणात, हालचालींचे गणित कार्यालयात मांडून छिद्रित फितीवाटे यंत्राला पुरवले जाई. अमेरिकन हवाई दलाच्या अर्थसाहाय्याने एमआयटी या संस्थेत विकसित झालेल्या या पद्धतीचे प्रात्यक्षिक १९५२ मध्ये झाले व पुढे तीच रूढ झाली. कारागिरावरील अवलंबन संपवण्याची व्यवस्थापनाची इच्छा हेही त्यामागील एक कारण होते, असे नोबल दाखवतात. तंत्रज्ञानाची निवड ही सामाजिक निवडही असते, हे सप्रमाण मांडणे हे या ग्रंथाचे यश होय. मात्र विमानाच्या गुंतागुंतीच्या भागांसाठी गणिती पद्धतच अधिक सोयीची होती, या कारणाला त्यांच्या युक्तिवादात काहीसे कमी वजन मिळते.

मर्यादा :
नोबल यांची उदाहरणे प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांची आहेत. त्यामुळे त्यांची सीमारेषा कार्यालय आणि यंत्रशाळा यांच्यामध्ये पडते. जॉबवर्क करणाऱ्या लहान गाळ्यात पुष्कळदा असे स्वतंत्र कार्यालयच नसते. शिवाय सूक्ष्मप्रक्रियकामुळे प्रोग्रॅम यंत्रापाशीच बदलता येतो. मग नियंत्रण कामगाराकडे परत आले असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. येथे रेषा यंत्रशाळेच्या आतच, सेटर आणि ऑपरेटर यांच्यामध्ये आखली जाते. कापणाऱ्या टूलचे टोक झिजले की २५ मिलिमीटर व्यासाचा नग २५.०२ भरू लागतो. मायक्रोमीटरवर हा फरक प्रथम ऑपरेटरला दिसतो. परंतु ऑफसेटमध्ये उणे ०.०२ ही दुरुस्ती भरण्याचे काम बहुधा सेटरचे मानले जाते. ही मनाई यंत्राने घातलेली नाही. ती कामाच्या वाटणीतून आली आहे. म्हणून नियंत्रणाचा शोध यंत्राच्या रचनेइतकाच ज्ञानाच्या वाटपातही घ्यावा लागतो, अशी पुरवणी नोबल यांच्या सिद्धान्ताला जोडणे आवश्यक वाटते.

समारोप :
हा प्रश्न आपल्या वर्गांपर्यंत येतो. नग चढवणे, बटण दाबणे व नग उतरवणे एवढेच शिकलेला तरुण सर्वांत सहज बदलता येणारा कामगार ठरतो. नग चढवणारा यांत्रिक हात आला की त्याचेच काम आधी जाते. ऑफसेट का व किती बदलायचा हे ज्याला कळते, त्याला सेटर होण्याची वाट तरी मोकळी राहते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपासून अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत ‘यंत्र कसे चालवावे’ याबरोबर ‘यंत्राचा निर्णय कोण घेतो’ हेही शिकवले गेले पाहिजे. अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अध्यापकांनी तंत्रशिक्षणातील सहकाऱ्यांसह हा ग्रंथ वाचावा, तो याच कारणासाठी.