‘म्हणे’ची जबाबदारी : वृत्तपत्रीय पुनरुच्चार आणि बदनामीचा कायदा

‘त्या अधिकाऱ्याने पैसे खाल्ले’ आणि ‘त्या अधिकाऱ्याने पैसे खाल्ले म्हणे’ ही दोन वाक्ये मराठी भाषकाच्या कानाला एक वाटत नाहीत. पहिल्यात बोलणारा विधानाच्या सत्यतेची हमी घेतो. दुसऱ्यात तो ती हमी कोणा अनाम तिऱ्हाइताकडे सोपवून मोकळा होतो. ‘म्हणणे’ या धातूचे एक रूप गोठून अव्ययासारखे वापरात आले आणि ऐकीव माहितीची खूण ठरले. वृत्तपत्राच्या भाषेत हेच कार्य ‘असे कळते’, ‘असे समजते’, ‘अशी चर्चा आहे’, ‘असा आरोप केला जात आहे’ या शब्दसमूहांकडे आले आहे. भाषेच्या दृष्टीने हा भेद खरा आहे. कायद्याच्या दृष्टीने तो कितपत खरा आहे आणि कितपत खरा असावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

इंग्लंडच्या न्यायपरंपरेत या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. दुसऱ्याने केलेला बदनामीकारक आरोप जो पुन्हा सांगतो, तो आरोप स्वतःच केल्याप्रमाणे जबाबदार धरला जातो. ‘मला असे सांगण्यात आले’ ही प्रस्तावना त्याला वाचवीत नाही. ल्युइस विरुद्ध डेली टेलिग्राफ या खटल्यात, हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९६३ मध्ये, लॉर्ड डेव्हलिन यांनी या नियमाचे जे निरूपण केले ते पुढील निर्णयांतून वारंवार आधारास घेतले गेले. या नियमामुळे ‘सत्य’ या बचावाचेही स्वरूप ठरून जाते. ‘अमक्याने तसे म्हटले होते’ एवढे सिद्ध करून भागत नाही. अमक्याने जे म्हटले ते खरे होते, हे सिद्ध करावे लागते. नियमामागील भीती उघड आहे. ‘म्हणे’ हे अभयपत्र ठरले, तर बदनामी करू इच्छिणारा प्रत्येक जण आपल्या आरोपाला एक काल्पनिक वक्ता जोडील.

भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मधील व्याख्या याच दिशेने जाते. आरोप ‘करणारा’ आणि आरोप ‘प्रसिद्ध करणारा’ या दोघांनाही तिने एका पंक्तीत बसविले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ही रचना जवळजवळ जशीच्या तशी उतरली. शिक्षेत मात्र समाजसेवेच्या पर्यायाची भर पडली. फौजदारी बदनामीचा हा गुन्हा घटनेशी विसंगत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात २०१६ मध्ये दिला असल्याने व्याख्येतील शब्दांचे महत्त्व केवळ ग्रांथिक नाही. त्या शब्दांवर तुरुंगवास अवलंबून आहे.

या कलमाचे दृष्टान्त भाषेच्या अभ्यासकाने मुळातून पाहण्यासारखे आहेत. घड्याळ चोरीस गेले असता एखाद्याने ‘तो मोठा प्रामाणिक माणूस, त्याने घड्याळ कधीच चोरले नाही’ असे म्हटले आणि त्यानेच ते चोरले असे ऐकणाऱ्यास वाटावे हा हेतू असला, तर ती बदनामी होते. चोर कोण असे विचारल्यावर नुसते बोट दाखविणे किंवा घड्याळ घेऊन पळणाऱ्याचे चित्र काढणे, हेही त्याच हेतूने केल्यास बदनामीच. उपरोधाने व्यक्त केलेला आरोपही व्याख्येत येऊ शकतो, असे स्पष्टीकरण त्यास जोडलेले आहे. म्हणजे वाक्याचा कोशगत अर्थ आणि प्रसंगातून उमटणारा अर्थ यांतील अंतर या कायद्याला पूर्ण ठाऊक आहे.

नेमकी येथेच या नियमाची उणीव दिसून येते. जो कायदा स्तुतीमागील निंदा ओळखतो, त्याने आरोपाच्या वृत्तातील अंतर ओळखू नये, हे विसंगत आहे. बदनामी सिद्ध करण्यासाठी संदर्भ विचारात घ्यावयाचा आणि ती नाकारण्यासाठी मात्र संदर्भ वगळून उद्धृत वाक्य तेवढे उचलावयाचे, ही अर्थनिर्णयाची एकच पद्धत नव्हे. ‘म्हणे’ हे अव्ययही याच गोष्टीची साक्ष देते. ‘त्याने पैसे दिले म्हणे’ यात ते ऐकीवपणा दाखविते. ‘मोठा प्रामाणिक म्हणे!’ यात ते उघड उपहास करते. आणि बाजारगप्पांत तेच अव्यय आरोपाला पाय फोडते. एकाच खुणेची ही तीन कार्ये असतील, तर तिला सर्वत्र निरर्थक मानणे जितके चूक, तितकेच तिला सर्वत्र निर्दोष मानणेही चूक.

महाराष्ट्राच्या वृत्तपत्रसृष्टीला या प्रश्नाची ओळख फार लवकर झाली. १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे निघाली आणि पुढल्याच वर्षी त्यांचे संपादक टिळक आणि आगरकर हे कोल्हापूर प्रकरणात आरोपी म्हणून उभे राहिले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाचा ठपका या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठेवला होता. ज्या पत्रव्यवहाराचा आधार घेण्यात आला तो न्यायालयात बनावट ठरला. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी शिक्षा टळली नाही. चार महिन्यांच्या साध्या कैदेपैकी जो काळ प्रत्यक्ष भोगावा लागला, तो आगरकरांच्या ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकाच्या नावातच नोंदला गेला आहे.

या खटल्याकडे देशभक्तीचा पहिला तुरुंगवास म्हणून पाहण्याची रीत आहे. पुनरुच्चाराच्या प्रश्नासाठी त्याचे मोल निराळे आहे. संपादकांचा हेतू स्वार्थी नव्हता आणि महाराजांविषयीची चिंताही निराधार नव्हती; १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे महाराजांचा मृत्यू झाला, तो सोबतच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर. परंतु प्रश्न खरा असणे आणि पुरावा खरा असणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्याने पुरविलेला मजकूर या पत्रांनी ‘अमुक असे म्हणतो’ अशा अंतराने मांडला नाही. त्यावर स्वतःच्या विश्वासाची मुद्रा उमटविली. दंडसंहितेच्या परिभाषेत योग्य दक्षता व लक्ष यांवाचून केलेली गोष्ट सद्भावनेची ठरत नाही. तेव्हा तेथील दोष निव्वळ पुनरुच्चाराचा नसून अंगीकाराचा होता, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

पुनरुच्चार आणि अंगीकार यांतील हा भेद इतरत्र न्यायालयांनी हळूहळू ओळखला आहे. खुद्द ल्युइस खटल्यातच, एका कंपनीच्या कारभाराची पोलीस चौकशी चालू आहे या वृत्ताचा अर्थ ‘कंपनी अपराधी आहे’ असा सामान्य वाचक करणार नाही, असे ठरून ज्यूरीने दिलेली प्रचंड भरपाई रद्द झाली. अमेरिकेत एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल ऑडुबॉन सोसायटी या १९७७ च्या निर्णयात अपील न्यायालयाने याहून पुढे पाऊल टाकले. डीडीटीच्या वादात एका प्रतिष्ठित संस्थेने काही शास्त्रज्ञांवर केलेला गंभीर आरोप न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्या खुलाशासह छापला होता. असा आरोप झाला हीच बातमी होय, आणि ती अचूक व तटस्थपणे दिल्यास वृत्तपत्र दोषी नाही, असे ठरले. तथापि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आजवर स्वीकारलेले नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००१ मध्ये थोमा विरुद्ध लक्झेंबर्ग या प्रकरणात, पत्रकाराने प्रत्येक उद्धृतापासून औपचारिकपणे फारकत घेतलीच पाहिजे, ही अपेक्षा अमान्य केली. इंग्लंड आणि वेल्सच्या २०१३ च्या कायद्याने, फिर्यादी ज्या वादात पक्षकार आहे त्याचा अचूक व निःपक्ष वृत्तांत दिला असल्यास, लोकहिताच्या बचावाचा विचार करताना आरोपाची पडताळणी केली नाही ही बाब दृष्टीआड करण्यास सांगितले.

भारतात हे संरक्षण स्थानावरून ठरते. न्यायालयीन कामकाजाच्या खऱ्या वृत्तांतास दंडसंहितेच्या चौथ्या अपवादाचे छत्र आहे. संसद व विधिमंडळे यांच्या कामकाजाच्या बव्हंशी खऱ्या वृत्तांतास, दुष्ट हेतू नसल्यास, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घातलेल्या अनुच्छेद ३६१-अ चे. एकच आरोप विधानसभेत उच्चारला आणि तो छापला, तर वृत्तपत्र सुरक्षित राहते. तोच सभागृहाबाहेरच्या पायरीवर उच्चारला, तर संपादकास लोकहित आणि सद्भावना सिद्ध करण्याची वाट धरावी लागते. आरोप करणाऱ्याचे नाव, वाचकाला त्याचे असलेले महत्त्व आणि वृत्ताची भाषा या तिन्ही गोष्टी दोन्ही प्रसंगी एकच असू शकतात.

येथे भाषिक विश्लेषणाचा उपयोग होऊ शकतो. ‘अमुक पक्षाच्या अध्यक्षांनी अमुक मंत्र्यावर असा आरोप केला’ या वाक्यात दोन विधाने आहेत, आणि पहिले, म्हणजे आरोप झाल्याचे विधान, वाचकाला पडताळता येते. आरोप करणारा समोर आहे, त्याला जाब विचारता येतो. ‘असे कळते’ या रचनेत मात्र कर्ताच नाहीसा झालेला असतो. कोणाला कळले, कोणाकडून कळले, हे वाक्य सांगत नाही. उरतो तो आरोप आणि त्यामागे वृत्तपत्राचे वजन. अशा वाक्यात वक्ता वृत्तपत्रच होय, आणि पुनरुच्चाराचा कठोर नियम त्यास पूर्णांशाने लागू व्हावा. तिसरा प्रकार बहुधा शीर्षकात आढळतो : मजकुरात नाव दिलेला वक्ता शीर्षकात गळतो आणि आरोप तेवढा एका अवतरणचिन्हाच्या आधाराने उभा राहतो. चार्ल्स्टन खटल्यात १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शीर्षक आणि मजकूर एकत्र वाचावेत असे ठरविले. पण केवळ शीर्षक वाचून पान उलटणारा वाचक त्या गृहीतात बसत नाही, आणि ज्याची अब्रू गेली त्याला तोच वाचक रस्त्यात भेटतो.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण तो जुन्या नियमाच्या बाजूचा आहे. व्याकरणातील अंतर वाचकाच्या स्मरणात टिकतेच असे नाही. ‘म्हणे’ गळून पडते आणि आरोप राहतो. म्हणून तटस्थ वृत्ताला संरक्षण द्यावयाचे, तर त्याच्या अटीही भाषेतच तपासाव्या लागतील : वक्त्याचे नाव आहे काय, ते शीर्षकापर्यंत पोहोचले आहे काय, आरोपिताचे उत्तर त्याच वृत्तात आणि तेवढ्याच ठळकपणे आले आहे काय, आणि वृत्तपत्राने स्वतःच्या क्रियापदाने आरोपाला दुजोरा दिला आहे काय. ‘म्हणाले’ आणि ‘उघड केले’ यांतील फरक येथे निर्णायक ठरावा, कारण ‘उघड केले’ म्हणणारा, जे उघड झाले ते खरे होते, हे गृहीत धरूनच बोलतो. असे प्रश्न विचारणाऱ्या न्यायालयास सच्च्या वार्ताहरास आणि अफवा पसरविणाऱ्यास एकाच मापाने मोजावे लागणार नाही.