तोफेचे तोंड आणि गोलंदाजाचे नाव

सिंगापूरच्या पूर्व टोकाला, चांगी येथे, रस्त्यालगत एक अजस्र तोफ उभी आहे. ती खरी नव्हे, नक्कल आहे. 1991 साली तिथल्या तुरुंग खात्याच्या लोकांना जमिनीखाली दारूगोळा ठेवण्याची भुयारे सापडली. त्यावरून जुन्या तोफेची जागा निश्चित झाली आणि पुढे तिथे ही नक्कल उभारून स्मारक करण्यात आले. ही जागा ‘जोहोर बॅटरी’ची. बॅटरी म्हणजे तोफांचा मोर्चा. जोहोरचे सुलतान इब्राहिम यांनी 1935 साली पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच लाख पौंडांची देणगी दिली. त्यातला मोठा भाग या तोफांवर खर्च झाला, म्हणून मोर्चाला जोहोरचे नाव मिळाले. देणगीदाराचे नाव राहिले, तोफेचा व्यास आणि गोळ्याचे वजनही राहिले. तोफ डागणाऱ्यांचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

सिंगापूरच्या किनारी तोफखान्यावर गेल्या ऐंशी वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लेखन एकाच प्रश्नाभोवती फिरते: तोफांची तोंडे चुकीच्या दिशेला होती काय? 8 फेब्रुवारी 1942 च्या रात्री जपानी सैन्य वायव्येकडून, जोहोरची सामुद्रधुनी ओलांडून बेटावर उतरले आणि 15 फेब्रुवारीला जनरल पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली. अभेद्य म्हणून गाजलेला हा तळ आठवड्यात कसा पडला, याला लोकांनी एक सोपे उत्तर शोधले. तोफा समुद्राकडे तोंड करून बसल्या आणि शत्रू पाठीमागून आला. चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासाच्या चौथ्या खंडात जमिनीच्या बाजूला पक्की तटबंदी नसल्याबद्दल जे आश्चर्य व्यक्त केले, त्यामुळे या समजुतीला मोठेच बळ मिळाले.

ही समजूत अर्धीमुर्धी आहे, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. बेटावर 15 इंची पाच तोफा होत्या. त्यांपैकी तीन जोहोर मोर्चावर आणि दोन ब्युओना व्हिस्टा मोर्चावर. शिवाय 9.2 इंची सहा आणि 6 इंची अनेक तोफा होत्या. जोहोर मोर्चाच्या तोफा उत्तरेकडे वळवून डागल्या गेल्या. ब्लाकांग माती, म्हणजे आजच्या सेंटोसा बेटावरच्या कॉनॉट मोर्चानेही जमिनीच्या बाजूला मारा केला. ब्युओना व्हिस्टाच्या तोफा मात्र तशा वळू शकल्या नाहीत आणि शत्रूवर न डागताच त्या नष्ट कराव्या लागल्या. मुख्य अडचण गोळ्यांची होती. 15 इंची तोफेचा सुमारे 880 किलो वजनाचा गोळा युद्धनौकेचे चिलखत फोडण्यासाठी बनवलेला होता. रबराच्या मळ्यात विखुरलेल्या पायदळावर तो पडला की मऊ जमिनीत खोल शिरायचा. माणसांवर टाकण्याजोगे, पडताच फुटून तुकडे उडवणारे गोळे फारच थोडे होते. कार्ल हॅक आणि केव्हिन ब्लॅकबर्न यांनी 2004 सालच्या आपल्या ग्रंथात हा सारा हिशेब बारकाईने मांडला आहे. त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

हिशेब चोख झाला, तरी प्रश्न जुनाच राहिला. तोफ वळत होती की नव्हती, गोळे होते की नव्हते, हे तोफेविषयीचे प्रश्न आहेत. ते अधिकाऱ्यांनी उपस्थित केले, कारण त्यांच्या उत्तरावर अधिकाऱ्यांचीच अब्रू अवलंबून होती. शरणागतीच्या वेळी पुष्कळ कागद जाळले गेले. पुढची साडेतीन वर्षे कैदेत असलेल्या अधिकाऱ्यांनी आठवणींवरून टिपणे तयार केली. पर्सिव्हल यांचा अधिकृत अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1949 मध्ये त्यांचे पुस्तक आले. मुख्य अभियंता ब्रिगेडियर आयव्हन सिम्सन यांनी 1970 मध्ये आपली बाजू मांडली. उत्तर किनाऱ्यावर तटबंदी करावी असा आग्रह आपण धरला होता, पण अशा बांधकामाने सैन्याचे आणि जनतेचे मनोधैर्य खचेल असे सांगून पर्सिव्हल यांनी तो नाकारला, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे.

मराठी वाचकाला या जातीचे लेखन नवे नाही. याला आपल्याकडे कैफियत म्हणतात. लिहिणाऱ्याला आपला हक्क किंवा निर्दोषपणा शाबीत करायचा असतो आणि त्या ओघात घडलेली हकिकत येते. राजवाड्यांनी 1898 साली साधनांचा पहिला खंड काढला तेव्हापासून आपण शिकलो, की बखर आणि कैफियत वाचताना ती कोणी, कोणासाठी आणि कशाच्या बचावासाठी लिहिली हे आधी विचारावे. सिंगापूरच्या अभ्यासकांनी पर्सिव्हलची कैफियत सिम्सनच्या कैफियतीशी ताडून पाहिली. दोन्हींमध्ये जे मुळातच नाही, त्याचा शोध मात्र फार थोड्यांनी घेतला.

जे नाही ते म्हणजे गोलंदाज. आज हा शब्द आपण क्रिकेटच्या मैदानावर सोडून दिला आहे. मूळचा तो तोफखान्याचा. सिंगापूर आणि हाँगकाँगच्या किनारी तोफांवर ब्रिटिश तुकड्यांच्या जोडीने ‘हाँगकाँग अँड सिंगापूर रॉयल आर्टिलरी’ नावाचे दल होते. त्यातले गोलंदाज हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून भरती केलेले शीख आणि मुसलमान होते. पण हे दल हिंदी लष्कराचे नव्हते, ते ब्रिटिश लष्करात मोडत असे. त्यामुळे हिंदी लष्कराच्या इतिहासकारांना ते आपले वाटले नाही आणि ब्रिटिश तोफखान्याच्या इतिहासकारांना ते परके वाटले. अधिकाऱ्यांच्या अहवालात हे लोक येतात ते ‘इतर श्रेणी’ या रकान्यात, संख्येच्या रूपाने.

यांचा आवाज कागदावर उमटला तो हिंदी महासागरातल्या लहान बेटांवर, आणि तोही वेगळ्याच कारणाने. जावाच्या दक्षिणेला ख्रिसमस बेट आहे. तिथल्या फॉस्फेटच्या खाणींमुळे ते मोलाचे होते. तिथे 6 इंची एकच तोफ होती. तिच्यावर 27 हिंदी सैनिक, चार ब्रिटिश हुद्देदार आणि कॅप्टन विल्यम्स हे त्यांचे अधिकारी असे 32 जण होते. 10 मार्च 1942 च्या रात्री हिंदी गोलंदाजांनी बंड केले आणि पाचही ब्रिटिशांना ठार मारले. 31 मार्चला जपानी सैन्य विरोधाशिवाय बेटावर उतरले. युद्ध संपल्यावर काही जणांचा शोध लागला आणि 1947 मध्ये सिंगापूरला त्यांच्यावर लष्करी खटला चालला. पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. तोवर फाळणी होऊन दोन देश अस्तित्वात आले होते. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही सरकारांनी रदबदली केली आणि फाशीची जन्मठेप झाली.

दुसरे बेट कोकोस समूहातले हॉर्सबर्ग. तिथे 6 इंची दोन तोफांवर सिलोन गॅरिसन आर्टिलरीचे गोलंदाज होते. 8 मे 1942 च्या रात्री ग्रेशन फर्नांडो या बाँबार्डियरच्या पुढाकाराने उठाव झाला. अधिकाऱ्यांना ताब्यात घ्यायचे आणि तोफ शेजारच्या डिरेक्शन बेटावरच्या आपल्याच सैन्यावर वळवायची असा बेत होता. तो फसला. एक गोलंदाज मारला गेला. ऑगस्टमध्ये फर्नांडो, कार्लो गौडर आणि बेनी डी सिल्वा यांना कोलंबोत फाशी दिले. दुसऱ्या महायुद्धात बंडाबद्दल देहान्त शिक्षा भोगलेले राष्ट्रकुलातले सैनिक एवढेच.

आता तो जुना प्रश्न पुन्हा विचारून पाहावा: तोफेचे तोंड कोणीकडे होते? सिंगापूरच्या वादात हा प्रश्न यंत्राचा आहे. तोफेचा गाडा किती अंशांत फिरतो एवढाच. हॉर्सबर्गवर तोच प्रश्न माणसाचा होतो. हे समुद्र आपण कोणासाठी राखतो आहोत, असा विचार तोफेमागे उभा असलेला माणूस करू लागला, तर कोणताही गाडा कोणत्याही दिशेला फिरू शकतो. साम्राज्याच्या किनारी संरक्षणाची ही बाजू नकाशावर दिसत नाही.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. खटल्यातल्या जबान्या म्हणजे गोलंदाजाचे मोकळे बोलणे नव्हे. त्या फासाच्या छायेत दिलेल्या, पुष्कळदा दुभाष्यामार्फत उतरलेल्या आणि फिर्यादी पक्षाच्या प्रश्नांनी आखून दिलेल्या आहेत. फर्नांडोला साम्राज्यविरोधी क्रांतिकारक म्हणावे की अधिकाऱ्याच्या उर्मटपणाने चिडलेला तरुण, हे त्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. ख्रिसमस बेटावरच्या पंजाब्यांना देशभक्त ठरवणे हेही आपल्या सोयीचेच. सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते, समुद्रातल्या एका खडकावर एका तोफेनिशी सत्तावीस माणसे अडकली होती. भीती, राग आणि हिशेब यांची सरमिसळ तिथे असणारच. संशोधकाला जबानी हीही एक कैफियतच म्हणून वाचावी लागते. फरक एवढाच, की अधिकाऱ्याने आपली कैफियत स्वेच्छेने, पुढे छापण्यासाठी लिहिली. गोलंदाजाला ती आरोपीच्या पिंजऱ्यात द्यावी लागली. जो आज्ञा पाळत राहिला, त्याला तेवढीही संधी मिळाली नाही. चांगी, हाँगकाँगला तोफेवर शेवटपर्यंत उभा राहिलेला गोलंदाज दप्तरात जवळजवळ मुका आहे.

हा दोष परक्यांच्याच लेखनात आहे असे समजू नये. मुरूड-जंजिऱ्याची कलालबांगडी तोफ आपल्याला नावाने ठाऊक असते. तिची लांबी, तिचा धातू, तिचा पल्ला यांवर आपले दुर्गप्रेमी हिरिरीने वाद घालतात. तिला बत्ती देणाऱ्या एकाही गोलंदाजाचे नाव आपण कधी विचारलेले नाही. तोफ मोजता येते, म्हणून आपण तोफच मोजतो.

सिंगापूरच्या उत्तरेला, जपानी सैन्य उतरले त्या किनाऱ्यापासून जवळच, क्रांजीची युद्धसमाधी आहे. तिथल्या स्मारकाच्या खांबांवर, ज्यांना थडगे लाभले नाही अशा 24 हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. हाँगकाँग आणि सिंगापूर तोफखान्याच्या हिंदी गोलंदाजांची नावेही त्यांत आहेत. तिथे नावे आहेत पण हकिकत नाही. चांगीच्या नकली तोफेपाशी हकिकत आहे पण ही नावे नाहीत. सिंगापूरच्या तोफखान्याचे पुढचे संशोधन या दोन जागांमधले अंतर कापण्याचे आहे. भरतीची पत्रके, निवृत्तिवेतनाचे कागद आणि पंजाबातल्या गावांनी दोन्ही देशांत जपलेल्या आठवणी एकत्र लावल्या, तर त्या नावांपैकी काहींना तरी घर सापडेल. तोफांच्या दिशेचा वाद आता मिटला आहे. तो मिटल्यामुळे तरी तोफेमागच्या माणसाकडे पाहायला अभ्यासकांना सवड मिळावी.