छोट्या चौकटीतलं पहिलं वर्ष

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईचं टीव्ही केंद्र सुरू झालं. तेव्हा ते आकाशवाणीचंच अंग होतं. दूरदर्शन वेगळं झालं 1 एप्रिल 1976 ला. त्या पहिल्या वर्षाची समीक्षा करू म्हटलं तर पहिली अडचण पुराव्याची. बरेचसे कार्यक्रम थेट होत. जे टेपवर घेतले जात, त्यांतले कित्येक पुसले गेले, कारण टेप महाग आणि ती पुन्हा वापरायची असे. नाटकाची संहिता राहते, गाण्याची तबकडी राहते. इथे उरल्या त्या बहुतेक आठवणीच.

ब्रिटनमध्येही तसंच झालं होतं. बीबीसीचं नियमित प्रसारण लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून 2 नोव्हेंबर 1936 ला सुरू झालं. आरंभी बेअर्डची 240 रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची 405 रेषांची पद्धत आलटूनपालटून चालवली, आणि काही महिन्यांतच बेअर्डची पद्धत बाजूला पडली. 1 सप्टेंबर 1939 ला युद्धामुळे पडदा बंद झाला, तो 7 जून 1946 ला पुन्हा उजळला. युद्धापूर्वी तिथे सादर झालेल्या नाटकांपैकी आज पाहायला जवळजवळ काहीच नाही.

त्या परंपरेशी आपला थेट धागा जुळतो तो पु. ल. देशपांड्यांमुळे. आकाशवाणीत असताना ते टीव्हीचं तंत्र शिकायला बीबीसीत गेले, आणि 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झालं तेव्हा तिथल्या पहिल्या निर्मात्यांत होते. पुढे 1961 मध्ये त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. एका माणसाला अख्खी चाळ दाखवता येते, हे मराठी प्रेक्षकाला मुंबईत टीव्ही येण्याच्या आधीच पटलेलं होतं.

माझं म्हणणं असं, की मुंबई केंद्राची सुरुवातीची कला जिथे एका माणसावर विसंबली तिथेच फुलली. मंचावरचं नाटक नेपथ्यासकट उचलून स्टुडिओत आणलं, की पात्रं काडेपेटीएवढी दिसत आणि शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज दिवाणखान्यात कर्कश वाटे. उलट डॉ. विश्वास मेहेंदळे मराठी बातम्या वाचत ते पाहण्याजोगं असे. बातमी हातातल्या कागदावर. वाक्याचा शेवट डोळ्यांनी आधीच उचलायचा, मान वर करायची, कॅमेऱ्याकडे पाहत तो पुरा करायचा आणि पुन्हा कागदावर नेमक्या ओळीवर उतरायचं. थेट प्रसारणात चुकीला माफी नव्हती. पुढे याच खुर्चीत भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील बसल्या. छोट्या चौकटीत आवाज न चढवता कसं बोलायचं, याची ती तालीमच होती. तबस्सुमचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ही 1972 चाच, आणि त्याचाही सारा डोलारा दोन माणसांच्या गप्पांवर.

पैठणहून पाहताना मला हे सगळं ओळखीचं वाटतं. पैठण शैलीची चित्रं म्हणजे चित्रकथीच्या हातातले कागद. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग ठळक रेषेत आणि मोजक्या रंगांत काढलेला. चित्र समोर धरायचं, प्रसंग सांगायचा-गायचा, मग पुढचं चित्र. हलतं काहीच नसे, तरी सांगणाऱ्याच्या आवाजावर रणांगण उभं राहायचं. पैठणच्याच संत एकनाथांच्या भारुडातही एकच सोंग सरळ समोरच्या माणसाशी बोलतं. मराठीने शतकानुशतकं घासूनपुसून ठेवलेलं हे कसब कॅमेऱ्यासाठीच घडवल्यासारखं आहे. निर्मात्यांनी मात्र जास्त उसनवारी केली ती नाट्यगृहाकडून आणि रेडिओकडून. माणसंही बव्हंशी तिथूनच आली होती, हे खरं. पण एवढी संधी हातची गेली, हे बोललंच पाहिजे.

दुसरी उणीव पोहोचण्याची. 1972 चं साल मराठवाड्यात दुष्काळाचं. पैठणला जायकवाडीचं काम चालू होतं. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. गावोगावची माणसं खडी फोडायला गेली होती, आणि त्यांच्या भाषेतला टीव्ही मुंबईच्या टापूपुरता बोलत होता. 1973 मध्ये सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं; मराठवाड्यात आम्हाला नाही. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम पुढे घराघरांत मानाने पाहिला गेला, पण आरंभीची कितीतरी वर्षं मराठवाड्यातल्या मातीला तो दिसतच नव्हता. 1975-76 च्या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांना संच मिळाले. शेजारचं कर्नाटक त्यात होतं, आंध्र होतं, महाराष्ट्र नव्हता.

ज्यांना शेतीचा सल्ला सांगायचा ते समोर नाहीत आणि समोर आहेत ते शहरातले, ही ओढाताण कार्यक्रमाच्या भाषेवर आल्याशिवाय राहत नाही. ती किती आणि कशी आली, हे टेपा असत्या तर दाखवता आलं असतं. त्या काळात कॅमेरा, दिवे आणि ध्वनी सांभाळणारी जी मंडळी आज आहेत, त्यांच्याकडून प्रत्येक कार्यक्रमाची मांडणी तपशीलवार नोंदवून घेणं हे काम अजून करता येईल, आणि ते याच पिढीत व्हायला हवं.