फाटक्या कर्ण्याचा सूर

गेल्या चातुर्मासात आमचा भाचा आमच्याकडे मुक्कामास होता. माडीवरच्या खोलीत त्याने आपली विजेची गिटार, एक जुना ॲम्प्लिफायर आणि पायाने दाबावयाची पाच-सहा लोखंडी डबडी मांडली. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ओसरीवर बसलो असता आम्हांस असा आवाज ऐकू आला की, जणू उत्सवाच्या मांडवात कर्ण्याचा पडदा फाटला आहे आणि कोणाचेच तिकडे लक्ष नाही. आम्ही वर जाऊन यंत्र बिघडल्याची वार्ता त्यास दिली. "बिघडलेले नाही, मामा," तो शांतपणे म्हणाला, "एवढा बिघाड जमवायला मला दोन वर्षे लागली."

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो हे कबूल केले पाहिजे. पुढे दोन दिवसांनी खरा प्रश्न निघाला. 'ट्यूब स्क्रीमर' नावाचे एक मूळचे जुने पेडल त्यास विकत घ्यावयाचे होते. त्याची किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी होती आणि ती रक्कम त्याने आमच्याकडे उसनी मागितली. "ते आले की ब्लूजचा आवाज पुरा होईल," हा त्याचा दावा. दावा ऐकून घेतल्याखेरीज निकाल देऊ नये ही आमच्या धंद्याची शिस्त असल्यामुळे आम्ही महिनाभर तो फाटका आवाज ऐकत बसलो. पुढील विवेचन हे त्या श्रवणाचे फलित होय.

प्रथम हा आवाज उपजतो कसा ते पाहू. विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून कर्ण्याकडे धाडतो. जुन्या ॲम्प्लिफायरांत हे काम जुन्या रेडिओतल्यासारखे व्हॉल्व्ह करीत. व्हॉल्व्हच्या शक्तीबाहेर प्रवाह त्यात लोटला म्हणजे लहरींचे माथे चेपले जातात, आणि त्या चेपण्यातून मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर जन्मास येतात. माथे हळूहळू चेपले गेले तर कानास ऊब वाटते. एकदम छाटले गेले तर खरखर. अभियंता या सर्व प्रकारास विकृती म्हणतो, आणि त्याच्या शास्त्रापुरते ते बरोबरच आहे.

परंतु आपण तरी शुद्ध स्वराचे एवढे पक्षपाती आहोत काय? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकविला की तार घोडीला निसटता स्पर्श करीत घुमू लागते, आणि त्या घासण्यातून उपस्वरांची जी झुंबड उठते तिलाच आपण जवारी म्हणतो. जवारी नसलेला तंबोरा अधिक 'स्वच्छ' असेल, पण त्याच्यापुढे गावयास कोण बसेल? तुलना येथेच थांबविली पाहिजे. जवारी हा कारागिराने हेतुपुरस्सर साधलेला गुण आहे. ब्लूजच्या गिटारीचा फाटकेपणा प्रथम दारिद्र्यातून आणि गोंगाटातून आला. तो हवासा वाटू लागला तो मागाहून.

मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे हे गाणे. त्यातला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी वास करतो. पियानोच्या पट्ट्यांत तो सापडत नाही. गिटारीवर मात्र तार बोटाने ओढून, किंवा बाटलीच्या गळ्याचा तुकडा तारेवरून घसटत नेऊन, तो मिळविता येतो. मींडीला सरावलेल्या आपल्या कानांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मडी वॉटर्स हा अशाच एका मळ्यावरचा गडी. 1943 साली तो शिकागोस आला, आणि तेथल्या दारूच्या गुत्त्यांतील कोलाहलात लाकडी गिटार कोणास ऐकू जाईना म्हणून त्याने विजेची गिटार धरली. लहान ॲम्प्लिफायर, मोठा गोंगाट. कान पूर्ण पिळण्यावाचून गत्यंतर नव्हते. 1948 मधील 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत स्वराच्या कडा किंचित उसवलेल्या ऐकू येतात, आणि त्या उसवण्याने गाण्यातील अस्वस्थता दुणावते.

1951 साली मेम्फिस येथे 'रॉकेट 88' मुद्रित झाले, त्या वेळी तर विली किझार्ट या वादकाच्या ॲम्प्लिफायरला प्रवासात खरोखरीच इजा झाली होती. ती नेमकी कशी झाली याविषयी साक्षीदारांत एकमत नाही, पण फाटक्या कर्ण्यात कागद कोंबून काम भागविले गेले याबद्दल फारसा वाद दिसत नाही. दहा वर्षांनी नॅशव्हिल येथे एका निराळ्या जातीच्या गाण्याच्या मुद्रणात यंत्राचा एक भाग बिघडून गिटार घरघरू लागली, आणि 1962 मध्ये त्या घरघरीची नक्कल करणारे 'फझ-टोन' नावाचे पेडल बाजारात आले. बिघडलेल्या यंत्राचा आवाज मिळावा म्हणून न बिघडलेले यंत्र विकत घ्यावयाचे! येथून पुढचा इतिहास बहुतांशी दुकानाचा इतिहास आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल या दुकानदाराने अमेरिकन 'फेंडर बासमन'ची रचना समोर ठेवून आपला ॲम्प्लिफायर बांधविला. 1966 साली जॉन मेयॉलच्या मंडळींबरोबर एरिक क्लॅप्टनने तसलाच मार्शल स्टुडिओत जवळजवळ पूर्ण जोरावर ठेवण्याचा हट्ट धरला आणि मुद्रण करणाऱ्यांची मोठी पंचाईत केली. त्या तबकडीचा पहिलाच तुकडा 'ऑल युअर लव्ह' हा मूळ शिकागोच्या ऑटिस रशचा. दोन्ही पाठोपाठ ऐकावेत. क्लॅप्टनचा नाद भरदार, सायीसारखा दाट. पहिल्या ऐकण्यात तोच मनात भरतो, आमच्याही भरला. तिसऱ्या खेपेस मात्र ध्यानात येते की, रशच्या बारीक, एकाकी सुरात माणूस विनवणी करीत आहे, आणि क्लॅप्टनच्या वादनात ॲम्प्लिफायरचे वैभव त्या विनवणीच्या पुढे उभे राहिले आहे. नाद हा भावाचा वाहक न राहता स्वतःच प्रदर्शनीय वस्तू झाला. त्या तबकडीची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण आज घराघरांतून पेडलांच्या ज्या रांगा लागतात त्यांचे मूळ तिच्यात आहे, असे आमचे मत झाले आहे.

आता वादातील मुख्य वस्तू. ट्यूब स्क्रीमर हे 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानात घडलेले हिरवे डबडे. ते खर्जाचा भार कमी करते, मधल्या पट्टीचा भाग उंचावते आणि लहरींचे माथे दोन बाजूंनी सौम्यपणे चेपते. त्याची खुबी अशी की, चांगले वादक त्याची विकृतीची कळ खाली आणि जोराची कळ वर ठेवतात. म्हणजे ते स्वतः फारसे फाटत नाही. तापलेल्या व्हॉल्व्हला मागून धक्का देते, आणि फाटण्याचे काम व्हॉल्व्ह करतो. टेक्ससच्या स्टीव्ही रे व्हॉनने ते असेच वापरले. पण त्याची 1983 ची 'टेक्सस फ्लड' ऐकून जे फक्त डबडे विकत घेतात त्यांनी हेही ऐकावे की, त्याच्या तारा सर्वसाधारण तारांहून पुष्कळ जाड होत्या, त्या अर्ध्या स्वराने उतरविलेल्या होत्या, आणि त्याचा उजवा हात लोहाराचा होता. ती सामग्री कोणत्याही दुकानात मिळत नाही.

प्रतिपक्षाचा सर्वांत बलवान साक्षीदार बी. बी. किंग. व्हॉल्व्हवाचून ब्लूज नाही असे शपथेवर सांगणारे भक्त पुष्कळ आहेत; आणि हा महापुरुष मात्र उत्तरायुष्यात वर्षानुवर्षे 'लॅब सीरिज' नावाचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर वापरीत होता! त्याचा सुप्रसिद्ध कंप जन्मला तो एका उणिवेतून. त्याचा नातलग बुक्का व्हाइट तारेवर नळी फिरवून वाजवीत असे. ते आपल्याला साधत नाही म्हणून किंगने नुसत्या बोटाच्या थरथरीने त्याची भरपाई केली. 1964 साली शिकागोच्या रीगल नाट्यगृहात मुद्रित झालेली मैफल ऐकावी. तो गातो तेव्हा गिटार गप्प. गाणे थांबले की ती उत्तर देते, आणि पुष्कळदा एकाच स्वरात.

याहून जुनी एक साक्ष आहे, आणि तीत आपल्या गोमंतकाचा संबंध येतो. 1977 साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची जी सोनेरी तबकडी आकाशात पाठविली गेली तीत केरी गावच्या केसरबाईंची भैरवी आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल. त्याच तबकडीवर आंधळ्या विली जॉन्सनची 1927 मधली शब्दहीन गुणगुण आणि तारेवर घसटत जाणारी गिटार आहे. तिला विजेचा स्पर्श नाही, पेडलाचा प्रश्नच नाही. आणि जो गुण भाचा डबड्यांतून धुंडाळीत होता तो त्या तीन-साडेतीन मिनिटांत काठोकाठ भरलेला आहे.

वकील या नात्याने एक गोष्ट आम्हांस विशेष बोचते. विली डिक्सन या ब्लूजकाराने 'होल लॉटा लव्ह' या गाण्याबद्दल लेड झेपेलिनवर 1985 साली दावा लावला आणि 1987 मध्ये तडजोड मिळविली. शब्दांवर हक्क होता म्हणून हे घडू शकले. 1988 साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने गायिका बेट मिडलर हिच्या कंठाची जाहिरातीसाठी नक्कल केल्याची दाद घेतली. मानवी कंठाला एवढी तरी दाद मिळाली. गिटारीच्या नादाचे काय? स्वामित्वाचा कायदा रचना ओळखतो, मुद्रण ओळखतो, नादाचा गुण ओळखत नाही. शिकागोच्या गुत्त्यांत ज्यांनी तो नाद घडविला त्यांच्या वारसांना पेडलाच्या विक्रीतून कवडीही मागता येणार नाही. आणि 'क्लॉन सेंटॉर' नावाच्या एका अमेरिकन पेडलाच्या निर्मात्याने मात्र आपली जोडणी कोणी पाहू नये म्हणून तिच्यावर राळेचा थर ओतला. ती डबडी आज हजारो डॉलरांना विकली जातात. यात बेकायदेशीर काही नाही. आमची तक्रार एवढीच की, हा नाद उघड्यावर सापडला होता, आणि राळ त्यावर ओतली गेली.

हे सर्व आम्ही भाच्यास सांगितले. त्याने वाद घातला नाही. सगळी पेडले बाजूला काढून गिटार सरळ ॲम्प्लिफायरला जोडली, ॲम्प्लिफायर पूर्ण चढविला आणि गिटारीवरची कळ निम्म्यावर आणली. हलक्या हाताने छेडले की स्वर स्वच्छ, जोराने छेडले की कडा फाटलेली. दोन्ही त्याच्या बोटांच्या ताब्यात. खिडक्यांची तावदाने थरथरली आणि शेजारच्या आजी काय पडले म्हणून चौकशीस आल्या. त्यामुळे त्याची खरी अडचण आम्हांस कळली: एवढ्या जोरावर घरात रोज वाजविता येत नाही, आणि कमी आवाजात तो फाटकेपणा आणावयाचा तर पेडलावाचून इलाज नाही. हा त्याचा मुद्दा आमच्या युक्तिवादात कोठेच आला नव्हता. आम्ही निम्मी रक्कम मंजूर केली आणि मूळच्या जुन्याऐवजी नवे बनावटीचे घ्यावे अशी अट घातली. परवा त्याचे पत्र आले. त्याने आपली दोन पेडले विकून उरलेली निम्मी भरली आहे आणि जुनेच घेतले आहे.