एकट्याची वाजंत्री: मोजायची की ऐकायची?

साथसंगतीबद्दल आपण नेहमी बोलतो. साथीदारानं कधी पुढे यायचं, कधी मागे राहायचं, वगैरे. आज उलट्या टोकाला जाऊ. इथे साथीदारच नाही. सगळी वाद्यं एकच माणूस वाजवतो, त्याला 'वन मॅन बँड' म्हणतात.

हे नाव घेतलं की डोळ्यांसमोर काय येतं? पाठीवर ढोल, गुडघ्यांना झांजा, तोंडाशी काहीतरी फुंकायचं. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स' सिनेमात डिक व्हॅन डाइकनं केलेला बर्ट सुरुवातीलाच अशा थाटात येतो. लोक हसतात, नाणी टाकतात. आपणही तेच करतो, वाद्यं मोजतो. एक, दोन, तीन, चार... वा! आणि टाळी. माझी तक्रार या टाळीबद्दल आहे. ती कसरतीला मिळते. गाणं कसं झालं, हे कुणी विचारतच नाही.

म्हणून आज एकच माणूस नीट ऐकू. जेसी फुलर. १८९६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जन्मलेला कृष्णवर्णीय गायक. पुढे कॅलिफोर्नियात आला. रेल्वेत राबला, जहाजांच्या गोदीत राबला. व्यावसायिक गायक झाला तो पन्नाशीच्या सुमाराला. बरोबर वाजवणारे भरवशाचे लोक मिळेनात, तेव्हा त्यानं स्वतःच एक वाद्य बनवलं, 'फॉटडेला'. उभी पेटी, तिच्यावर जाड आवाजाच्या सहा तारा, आणि त्या तारांवर आघात करणाऱ्या हातोड्या पायानं दाबायच्या. म्हणजे बासची जबाबदारी उजव्या पायाकडे. डाव्या पायाकडे झांज किंवा वॉशबोर्ड, म्हणजे कपडे घासायची खाचांची फळी. हातात बारा तारांची गिटार. गळ्यातल्या पट्टीवर माऊथऑर्गन आणि कझू.

आता मोजणं थांबवा आणि बघा, तोंड एकच आहे! गाणं, माऊथऑर्गन, कझू, तिघांनाही तेच तोंड हवंय. तेव्हा ही तिघं एकाच वेळी वाजूच शकत नाहीत, त्यांना रांगेत उभं राहावं लागतं. आधी शब्द, मग माऊथऑर्गन, मग कझूची भुणभुण. हात-पाय मात्र अखंड चालू. फुलरच्या गाण्याचा आकार या रांगेतून तयार होतो. एका श्वासाची ही वाटणी आहे.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'सॅन फ्रान्सिस्को बे ब्लूज', १९५४ चं. विषय विरहाचा, पण चाल उड्या मारत जाणारी. त्यात कझू आला की आधी हसू येतं आणि मग जरा पोटात तुटतं. हा माणूस आपलं दुःख सांगतोय आणि मध्येच स्वतःच त्याची टिंगलही करतोय. हेच गाणं एरिक क्लॅप्टननं १९९२ च्या 'अनप्लग्ड' मध्ये पूर्ण वाद्यवृंदासह केलं. छान आहे, मजा येते. पण तिथे ती चार मित्रांची मस्करी होते. फुलरकडे मस्करी करायला दुसरं कुणी नाही. गाण्यातलं एकटेपण आणि वाजवण्यातलं एकटेपण तिथे एकमेकांना भेटतात.

दुसरी गोष्ट लयीची. चौघं वाजवत असतील तर ओळ कुठे संपणार हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर निदान एकमेकांकडे बघावं लागतं. एकट्याला वाटलं, की इथे शब्दावर जरा रेंगाळावं, तर अख्खा बँड त्याच्याबरोबर रेंगाळतो. कारण बँड त्याच्याच अंगात आहे.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली लूप पेडल आहे की! बरोबर. एड शीरन मोठमोठ्या मैदानांत एकटा उभा राहून थर चढवत जातो. पण लूप एकदा कोंडला, की त्याची लांबी ठरली. पुढे गाणाऱ्यानं त्याच्या मागे जायचं. तिथे गायक आपल्याच पाच मिनिटांपूर्वीच्या वाजवण्याला साथ देत असतो. आवाज भरगच्च होतो, हे खरं. रेंगाळण्याची मुभा मात्र जाते. मला हा सौदा महाग वाटतो.

फुलरचंही सगळंच गोड मानायचं कारण नाही. सहा तारांचा बास फार लांब जाऊ शकत नाही. लागोपाठ दहा गाणी ऐकली तर पायाचा तोच ठेका कानाला टोचू लागतो. दमदार, चालत्या गाण्यांना ते यंत्र मानवतं. संथ गाण्यात त्याचं वजन जाणवतं.

आपल्याकडे बघा. बंगालचा बाऊल एका हातात एकतारा धरतो, दुसऱ्या हातानं कमरेला बांधलेली डुग्गी वाजवतो, पायात घुंगरू, आणि वर गातो, नाचतो. आपला वासुदेव चिपळ्या वाजवत येतो, पायात चाळ, कमरेला पावा. त्यांना कुणी 'किती वाद्यं हो!' असं म्हणत नाही. का? कारण तिथे प्रत्येक वाद्य शब्दाच्या सेवेला आहे. वासुदेव दारात आला की आपण दान देतो ते नावं घेत गाणाऱ्या त्या माणसाला.

हीच कसोटी लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. एकट्यानं सगळं वाजवणारा कुणी दिसला, की एक वाद्य मनातल्या मनात काढून टाकून बघा. गाणं लंगडं झालं, तर ते वाद्य खरं. काहीच फरक पडला नाही, तर ती नुसती शोभा.

आणि रस्त्यावर असेल, तर पैसे टाकाच. पण गाणं संपल्यावर टाका, ढोल दिसल्या दिसल्या नको.