रिकामी जागा कुणी केली?

फोटोग्राफी शिकवणाऱ्या रील्समध्ये एक सल्ला हमखास मिळतो: विषय लहान ठेवा, भोवती भरपूर जागा सोडा. विषय म्हणजे पॉझिटिव्ह स्पेस, भोवतालचं मोकळं ते निगेटिव्ह. मग इन्स्टावर एकसारखे फोटो दिसू लागतात. धुकं, एक झाड, कोपऱ्यात पाठमोरा मुलगा. दिसायला छानच. पण ती जागा मुळात रिकामी होती की कुणी केली, हे आपण सहसा विचारत नाही.

आन्द्रेयास गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचा १९९९चा ‘ऱ्हाईन दोन’ पाहा. खाली गवत आणि एक अरुंद वाट, मधून राखाडी नदी, पलीकडे पुन्हा गवत, वर ढगाळ आकाश. नुसते आडवे पट्टे. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात हा फोटो ४३ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. तोवर लिलावात एवढी किंमत कुठल्याच फोटोला मिळाली नव्हती. “यात आहे काय?” असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं असणार. खरी गंमत यात काय नाही, त्यात आहे. कुत्र्यांना फिरवणारी माणसं आणि पलीकडच्या काठावरची कारखान्याची इमारत गुर्स्कीने संगणकावर पुसून टाकली.

नदीचं पोर्ट्रेट म्हणून हा फोटो खोटा आहे, आणि तरी मला तो आवडतो. कारण माणसं गेल्यावर उरतं ते निसर्गरम्य वगैरे काही नाही. पट्टीने आखल्यासारखा काठ उरतो, कापलेलं गवत उरतं आणि कुणीच चालत नसलेली वाट उरते. माणूस काढूनही माणसाचा हात दिसत राहतो. शिवाय इथे विषय कुठला आणि पार्श्वभूमी कुठली, हेच ठरत नाही. नदी जेवढी भरीव, तेवढंच आकाश.

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोटो नेमकं उलटं करतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याने जुन्या चित्रपटगृहांचे फोटो काढायला घेतले. सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की बंद करायचं. फोटोत पडदा कोरा, पांढराशुभ्र. आता हिशेब करा: सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाच्या १,७२,८०० चौकटी. त्या सगळ्या एकावर एक साठल्या आणि पडदा कोरा झाला! भोवतालच्या खुर्च्या नि नक्षीदार भिंती दिसतात त्याही त्याच उजेडात. फोटोतली सगळ्यांत रिकामी वाटणारी जागाच सगळ्यांत भरलेली आहे. इथे काही पुसलेलं नाही. थांबून राहिल्यामुळे ते झालं आहे.

आपल्या खिशातला फोन यातलं काय करतो? थांबणं त्याला जमत नाही, पुसणं मात्र झकास जमतं. नको त्या माणसावर बोट फिरवलं की तो गायब, आणि शेजारच्या वाळूवरून अंदाज बांधून फोन तिथे नवी वाळू रचून देतो. म्हणजे ती जागा रिकामी नसतेच, बनवलेली असते. गुर्स्की काय पुसायचं ते विचार करून ठरवतो. आपण ‘गर्दी’ म्हणून पुसतो, आणि गर्दी म्हणजे बहुतेक वेळा फुगेवाला, झाडूवाली, शेजारच्या चटईवरचं अनोळखी कुटुंब.

हे मी साळसूदपणे सांगत नाहीये. गेल्या पावसाळ्यात अलिबागच्या किनाऱ्यावर आईचा फोटो काढला आणि तिच्या मागचा कणीसवाला पुसला. फ्रेम एकदम स्वच्छ झाली, लाइक्सही बरे आले. काही महिन्यांनी तो फोटो पाहताना आई म्हणाली, “अरे, तो कणीसवाला कुठे गेला? पाऊस आला तेव्हा त्याच्याच छत्रीखाली उभे होतो ना आपण?”

मूळ फोटो मी ठेवला नव्हता. नंतर झूम करून पाहिलं. ओल्या वाळूत गाडीच्या चाकांच्या दोन रेघा आहेत. त्या डावीकडून येतात आणि आईच्या पाठीमागे मध्येच थांबतात.